चमचा नको, पण जेवायचंय

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी इंदूरच्या सुदामा नगरात राहते. नात साडेआठ महिन्यांची आहे. सूनबाई बँकेत आहे, सकाळी जाते ती संध्याकाळी सहालाच येते. दिवसभर बाळ माझ्याकडे असतं. सहाव्या महिन्यात उष्टावण केलं, मामाने सोन्याच्या अंगठीने खीर चाटवली, तेव्हा नुसत्या मिटक्या मारल्या तिने. सुरुवातीला नाचणीचं सत्त्व, वरणाचं पाणी, मिक्सरमधून काढलेली खिचडी सगळं नीट खात होती. आता चमचा दिसला की ओठ घट्ट मिटते, मान फिरवते, हाताने उडवून लावते. मोबाईलवर गाणी लावली की कसेबसे चार चमचे जातात, तेही थुंकते. शेवटी उपाशी राहू नये म्हणून मी गाईच्या दुधाची बाटली देते. आणि मी जेवायला बसले की हीच पोरगी माझ्या ताटावर झेपावते, पोळीचा तुकडा ओढते आणि चघळत बसते! सूनबाई म्हणते, "आई, समोर ठेवा, तिच्या हाताने खाऊ द्या तिला." मला धडकी भरते. दात दोनच आलेत, घशात अडकलं तर? शिवाय अर्धं अन्न जमिनीवर, ते मला बघवत नाही. आमच्या वेळी बोंडल्याने पाजायचो, तरी मुलं धष्टपुष्ट झाली. वजन ७ किलो ७०० ग्रॅम आहे, जन्माचं २ किलो ८०० होतं. शेजारणी म्हणतात, बाळ सुकलं. मी काय करू?
— एक आजी

उत्तर :

काकू, नमस्कार.

तुमची नात अन्नाला नाही म्हणत नाहीये, भरवण्याला नाही म्हणतेय. ज्या बाळाला खरोखर खायचं नसतं ते दुसऱ्याच्या ताटाकडे बघतही नाही. ही तर झेपावते, तुकडा ओढते, तोंडात घालते आणि चघळते. साडेआठ महिन्यांच्या बाळाकडून याहून जास्त काय हवं? तेव्हा सूनबाईचं म्हणणं ऐका, असंच मी सांगेन. पण तुमच्या भीतीत तथ्य आहे आणि ती बाजूला सारून चालणार नाही. त्यामुळे हातात खायला द्यायचं कसं, काय द्यायचं आणि काय अजिबात द्यायचं नाही, हे सविस्तर लिहिते.

आधी वजनाचं, कारण शेजारणींनी तुमची झोप उडवली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ८ महिन्यांच्या मुलीचं मधलं वजन ७.९ किलो आहे आणि ९ महिन्यांच्या मुलीचं ८.२. म्हणजे ७.७ किलोची मुलगी अगदी मधल्या घोळक्यात बसते. कमी वजनाची रेघ या वयात साडेसहा किलोच्या आसपास येते, तिच्यापासून ती बरीच लांब आहे. 'सुकलं' असं वाटतं, त्यालाही कारण आहे. पहिल्या तीन महिन्यांत बाळ महिन्याला पाऊण किलोहून जास्त वाढतं, सहा महिन्यांनंतर हाच वेग महिन्याला ३०० ग्रॅमच्या आसपास येतो. शिवाय ते रांगायला लागतं, गालांचा गुबगुबीतपणा ओसरतो. लसीकरणाच्या कार्डावर वजनाचा आलेख असतो, त्यावर दर महिन्याला एक ठिपका मांडा. ठिपके आपल्या रेघेला धरून वर जात असतील तर बोलणाऱ्यांना बोलू द्या.

आता त्या बाटलीकडे येते. मला वाटतं, सगळी गोम तिथेच आहे.

या वयाच्या बाळाच्या पोटात एका वेळी किलोमागे साधारण ३० मिली मावतं, म्हणजे तुमच्या नातीच्या पोटात जेमतेम सव्वादोनशे मिली. अंगावरच्या दुधाशिवाय ६ ते ८ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात, ९ महिन्यांनंतर सुमारे ३००. आता हिशेब करा. गाईच्या दुधाच्या २०० मिलीच्या एका बाटलीत साधारण १३० कॅलरी असतात. चमचा नाकारला की पाठोपाठ बाटली येते, पोट भरतं आणि पुढच्या जेवणाला भूकच नसते. मग पुन्हा चमचा, पुन्हा नकार, पुन्हा बाटली. यात तिचा दोष नाही आणि तुमचाही नाही, नातवंडाला उपाशी ठेवणं कुठल्या आजीला जमेल? पण ही साखळी तोडायची तर बाटलीपासूनच तोडावी लागेल.

त्यातही गाईचं दूध हे एक वर्षापर्यंत पिण्याचं मुख्य दूध म्हणून देऊ नये. त्यात लोह जवळजवळ नसतंच, दुसऱ्या अन्नातलं लोह अंगी लागायलाही ते आड येतं आणि काही बाळांच्या आतड्यातून त्याने न दिसणारा सूक्ष्म रक्तस्राव होतो. दही, पनीर किंवा पदार्थात घातलेलं थोडं दूध चालतं. सूनबाई अंगावर पाजत असेल तर तिला सकाळी दूध काढून ठेवता येईल. फ्रिजमध्ये ते ४ दिवसांपर्यंत टिकतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ओट्यावर मात्र ठेवू नका. ते पुरत नसेल तर बाळासाठीचं डब्यातलं दूध डॉक्टरांना विचारून सुरू करा. दूध आणि जेवण यांत तास-दीड तासाचं अंतर ठेवा. पाणी छोट्या फुलपात्रातून घोट-घोट द्या.

वरणाच्या पाण्याबद्दलही सांगायला हवं, कारण घरोघरी ते मोठ्या प्रेमाने दिलं जातं. डाळीचं सत्त्व तळाशी राहतं आणि वरचं पाणी बाळाच्या वाट्याला येतं. सव्वादोनशे मिलीच्या पोटात पाण्याला जागा देणं परवडत नाही. घट्ट वरण द्या, चमच्यावरून निथळणार नाही इतकं घट्ट, वर अर्धा चमचा साजूक तूप.

तुमची काळजी मला खरं तर लोहाकडे वळवायची आहे. आईच्या पोटातून बाळ लोहाचा जो साठा घेऊन येतं, तो सहा महिन्यांच्या आसपास सरत येतो आणि आईच्या दुधात लोह फार थोडं असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी देशात ६७ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली, मध्य प्रदेशात तर त्याहूनही जास्त. खात्यापित्या घरांतली मुलंही यात असतात. अंगात लोह कमी पडलं की भूक मंदावते, बाळ किरकिरं होतं आणि खाणं आणखी कमी होतं. म्हणून हातात काहीही देताना 'यात लोह आहे का' हा प्रश्न दिवसातून दोनदा तरी मनात यायला हवा. मसूर, मूग, चवळी, राजगिरा, सातू, घरात चालत असेल तर मऊ शिजवलेला खिमा किंवा कोंबडीचं मांस, आणि त्याबरोबर लिंबाचे दोन-चार थेंब किंवा संत्र्याची सोललेली, बिया काढलेली फोड, कारण डाळींतलं लोह आंबटाच्या सोबतीने जास्त शोषलं जातं. सरकारी कार्यक्रमात ६ महिन्यांपासून लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा, १ मिली दिलं जातं. ते अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे मिळतं. तुमच्या बालरोगतज्ज्ञांना त्याबद्दल याच भेटीत विचारा.

आता हातात द्यायचं कसं ते बघू.

या वयाचं बाळ वस्तू पूर्ण मुठीत पकडतं, मुठीच्या आत गेलेलं त्याला खाता येत नाही. म्हणून तुकडा मुठीतून वर डोकावेल इतका लांब हवा, साधारण तुमच्या बोटाएवढा. आणि मऊ किती? अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून दाबला की सहज चिरडला गेला पाहिजे. ज्या हिरड्यांनी ती पोळी चघळते त्या चांगल्या भक्कम असतात. मऊ अन्न कुस्करायला दात लागत नाहीत. दाढा यायला अजून पुष्कळ अवकाश आहे, तोवर सगळी बाळं हिरड्यांवरच जेवतात.

उद्या दुपारी एक करून बघा. पिवळी मूगडाळ तीन-चार तास भिजवा, थोडं जिरं घालून वाटा, त्यात मूठभर लाल भोपळा किसून घाला. मीठ-मिरची नाही. तव्यावर तूप सोडून जरासं जाडसर धिरडं घाला आणि झाकण ठेवून मंद आचेवर होऊ द्या, म्हणजे कडा कडक होत नाहीत. कोमट झालं की दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापा आणि त्यातल्या दोनच तिच्यापुढे ठेवा. ती आधी बघेल, मग पंजाने दाबेल, कदाचित एक खाली टाकेल. तुम्ही शेजारी बसून त्याच धिरड्याचा घास खा. तिच्या तोंडात काही घालू नका, हात धरून तोंडाकडे नेऊ नका. बाळ बघून शिकतं आणि तुमच्या ताटावर झेपावतानाच तिने ते दाखवून दिलंय.

फ्लॉवरचा तुरा देठासकट वाफवला तर देठ मुठीत राहतो आणि वरचा मऊ भाग तोंडात जातो. रताळ्याच्या, दुधीच्या वाफवलेल्या फोडी, इडलीचे लांबट तुकडे, पनीरच्या मऊ पट्ट्या, अर्धं साल ठेवलेलं केळं असं काहीही चालेल. पावसाळ्यात आपल्याकडे घरोघरी भुट्ट्याचा कीस होतो. तो मऊ शिजवून, तिखट-मीठ घालण्याआधी तिच्यासाठी दोन डाव बाजूला काढा. रविवारी दाल-बाफले असतील तर बाफल्याच्या आतला मऊ भाग बिनमिठाच्या वरणात भिजवून द्या. पोळी कोरडी नको, तिचा तोंडात लगदा होऊन टाळूला चिकटतो. तिच्याही पट्ट्या वरणात बुडवून द्या. मऊ खिचडी गार झाली की लांबट मुटका वळा, तो तिला छान धरता येईल.

चमचा घरातून हद्दपार करायचं कारण नाही. घट्ट वरण किंवा दही-भात चमच्यात भरा आणि चमचाच तिच्या हातात द्या. एक तिच्याकडे, दुसरा तुम्ही भरत राहा. जी मुलं भरवू देत नाहीत त्यांतली बरीच या पद्धतीने चमच्यातलं खातात, कारण आता चमचा त्यांच्या ताब्यात असतो. आणखी महिन्याभरात तिला चिमटीत उचलायला येईल, मग मऊ शिजवून जरा चेपलेला वाटाणा, भाताची ढेकळं तिला एकेक टिपून खाता येतील.

घशात अडकण्याचं आता. बाळाच्या घशाशी घास पुढे आला की ते उबळ काढतं, खोकतं, डोळ्यांत पाणी येतं, चेहरा लाल होतो, घास बाहेर येतो. बघणाऱ्याचा जीव जातो, पण बाळ स्वतःचा घसा मोकळा करत असतं. लहान बाळात ही उबळ जिभेवर बरीच पुढेच येते, म्हणून ती वारंवार दिसते. आवाज येतोय, खोकला येतोय तोवर हात लावू नका, शांत बसा. खरं अडकणं निःशब्द असतं. बाळाला रडता येत नाही, खोकता येत नाही, ओठ निळसर होऊ लागतात. तेव्हा क्षणही दवडायचा नाही. बाळाला आपल्या हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, जबड्याला आधार, आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने ५ जोरकस थापा द्या. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मध्यभागी ५ दाब. असं आलटून पालटून करत राहा आणि कुणालातरी १०८ लावायला सांगा. तोंडात दिसत असेल तरच काढा, बोट घालून चाचपडू नका, नाहीतर घास आणखी आत जातो. एक वर्षाखालच्या बाळाचं पोट दाबायचं नसतं. हे सगळं वाचून हाताला येत नाही. पुढच्या लसीच्या वेळी नर्सबाईंना बाहुलीवर करून दाखवायला सांगा आणि तुम्ही, सूनबाई, मुलगा, तिघंही शिकून घ्या. बाळ चमच्याने खात असलं तरी हे यायलाच हवं.

न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिनला दोनशेहून जास्त कुटुंबांवर याचा अभ्यास झाला, २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. सुरक्षितपणे द्यायचं कसं हे आई-वडिलांना शिकवलेलं असेल तर हाताने खाणाऱ्या आणि चमच्याने खाणाऱ्या बाळांमध्ये घास अडकण्याचं प्रमाण सारखंच निघालं. उबळ सहाव्या महिन्यात हाताने खाणाऱ्यांना जास्त आली, आठव्या महिन्यात उलट कमी. पण धोक्याचे पदार्थ दोन्हीकडच्या बाळांना दिले जात होते, हेही त्याच अभ्यासात दिसलं. माझ्या मते आपण तिथून उचलायचं ते हेच.

म्हणून ही काळजी डोळ्यांत तेल घालून घ्या : शेंगदाणे, फुटाणे, काजू-बदाम, अख्खी द्राक्षं, बोरं, लाह्या, मक्याचे अख्खे दाणे, कच्चं गाजर, कच्चं सफरचंद, चिक्की, डिंकाचा लाडू यांतलं काही नाही. दाण्याचं अगदी बारीक कूट भाजीत चालतं, पहिल्यांदा चिमूटभर द्या आणि अंगावर पित्त उठतंय का बघा. आणि इंदुरातल्या घरासाठी खास सांगते : शेव नाही. आपल्याकडे प्रत्येक जेवणावर शेव लागते आणि येणारा-जाणारा कौतुकाने दोन काड्या बाळाच्या हातावर ठेवतो. ती कडक असते आणि खारट असते. एक वर्षाखालच्या बाळाला दिवसाला १ ग्रॅमपेक्षाही कमी मीठ पुरतं, तेवढं त्याला दुधातून आणि साध्या अन्नातून मिळून जातं. सकाळचे पोहे द्यायचे तर शेव-जिरावणाशिवाय, दही घालून ओलसर. साबुदाण्याची खिचडी चिकट असते आणि तिच्यात दाणे असतात, ती राहू द्या. जिलबी दोन वर्षांनंतर. मध एक वर्षापर्यंत बोटालाही लावून चाटवायचा नाही, त्यातल्या जिवाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

जेवताना ती ताठ बसलेली हवी. उंच खुर्ची नसेल तर तुमच्या मांडीवर, तिची पाठ तुमच्या पोटाला टेकवून. रांगताना, पडल्यापडल्या, गाडीत काही नाही. आणि शेजारी कुणीतरी मोठं माणूस, ज्याची नजर तिच्यावर आहे. फोन वाजला तर वाजू द्या. मोबाईलवरची गाणीही बंद करा. गाण्यात गुंगलेलं बाळ काय खातंय आणि पोट भरलं का, हे त्याला कळत नाही. एक वर्षाखालच्या बाळाला पडदा दाखवूच नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये सांगितलंय.

बोंडल्याबद्दल. तुमची मुलं धष्टपुष्ट झाली ती तुम्ही मांडीवर घेऊन, बोटांनी कालवून दिलेल्या तूप-भाताने आणि आजोबांच्या ताटातल्या मऊ घासाने, असं मला ठामपणे वाटतं. मान फिरवणाऱ्या बाळाच्या घशात बोंडल्याने पातळ ओतलं तर ते श्वासनलिकेत उतरू शकतं. ते कृपा करून माळ्यावर टाका.

अन्न जमिनीवर पडतं याचं तुम्हाला वाईट वाटतं, ते मला समजतं. यावर उपाय म्हणजे एका वेळी दोनच तुकडे. ते संपले किंवा पडले की आणखी दोन. खाली स्वच्छ धुतलेली जुनी सुती साडी अंथरा, त्यावर पडलेलं उचलून परत देता येतं आणि ते पायाखालीही येत नाही. जे अगदीच जाईल ते ओल्या कचऱ्यात टाका, देवगुराडियाच्या प्रकल्पात त्याचा गॅस होतो, वाया काही जात नाही. महिना-दीड महिन्यात सांडणं पुष्कळ कमी होईल. वीस-पंचवीस मिनिटांत जेवण आवरतं घ्या, मग खाल्लं असो वा नसो, हसून ताटली उचला. काय आणि केव्हा द्यायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते तिला ठरवू द्या. पहिले चार-पाच दिवस पोटात फार कमी जाईल. त्या दिवसांत बाटलीकडे हात जाईल, तेव्हा घड्याळ बघा.

सूनबाईशी एकदा नीट बोला. दिवसाची दोन जेवणं तुमच्या हाती, संध्याकाळचं तिच्या, आणि दोघींची पद्धत एकच. तिने तुमच्यावर विश्वास टाकून लेक सोपवली आहे, तेव्हा तुम्ही "तुझं बरोबर होतं" म्हणालात तर तिला किती बरं वाटेल!

डॉक्टरांकडे मात्र या गोष्टींसाठी लगेच जा : सलग दोन महिने वजन वाढलं नाही, हातात दिलेलंही ती नाकारायला लागली, प्रत्येक घासाला खोकला किंवा उलटी होते, आधाराशिवाय बसता येत नाही, चेहरा-तळवे पांढुरके दिसतात, किंवा ती मलूल पडून राहते. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर हाताने द्यायला सुरुवात करण्याआधीच विचारून घ्या.

चमच्याने स्वतः नीट खायला ती साधारण दीड वर्षाच्या आसपास लागेल. तोवर आखूड दांड्याचे, खोलगट दोन चमचे आणून ठेवा. बर्तन बाजारात सहज मिळतील.